गाडी पेट्रोल जास्त खातेय, काळा धूर मारतेय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

बेळगावात, टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलं होतं आणि मी इंजिन चालू ठेवूनच थांबलो होतो. शेजारच्या स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केलं. "ओ, गाडीतनं पेट्रोल गळायलंय काय बघा की. लई वास मारायलाय." उतरून खाली वाकून बघितलं, तर रस्त्यावर थेंबही नव्हता. वास सायलेन्सरमधून येत होता.

त्याआधी दोन महिने माझी गाडी लिटरला सतरावरून अकरावर आली होती. दोन गॅरेज झाली. नवे प्लग, नवा एअर फिल्टर, नवा ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं क्लीनिंग असं सगळं मिळून साडेसात हजार गेले आणि गाडी होती तशीच राहिली. शेवटी दोष सापडला तो एका कपलरमध्ये, म्हणजे सेन्सरला वायर जोडायच्या सॉकेटमध्ये. पावसाचं पाणी शिरून त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. तो बदलायला अडीचशे रुपये लागले.

नवीनच गाडी घेतलेल्या, बॉनेट उघडायला बिचकणाऱ्या लोकांसाठी हे लिहितोय. सगळी दुरुस्ती घरी करा असं माझं म्हणणं नाही. पण दोष कुठल्या बाजूला आहे, एवढं तुम्ही स्वतः नक्की शोधू शकता, आणि ते कळल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका.

आधी थोडं समजून घ्या

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आलं, की गॅरेजच्या भाषेत गाडी 'रिच' चालते. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच थोडा असतो, त्यामुळे तिथे हाच आकडा साडेतेराच्या आसपास येतो.

हे प्रमाण सांभाळतो गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम. इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, हे सेन्सरकडून घेऊन तो किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. मग सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर त्याला कळवतो की पेट्रोल जास्त झालं की कमी, आणि त्यावरून तो हिशेब सुधारत राहतो. या सुधारणेला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. पेट्रोल जास्त होतंय हे ईसीएमला कळलंय आणि तो ते कमी करायला धडपडतोय, की त्यालाच कुणीतरी खोटं सांगतंय? पुढची सगळी शोधाशोध या प्रश्नाच्या उत्तरावर चालते.

१. गाडी खरंच रिच आहे का, ते ठरवा

नुसतं ॲव्हरेज कमी झालं म्हणजे गाडी रिच झाली, असं नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक धरून ठेवत असेल, क्लच घसरत असेल तरी ॲव्हरेज पडतं. आपल्या भागात आणखी एक कारण आहे: पेट्रोलमधलं इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे दहा टक्क्यांच्या मिश्रणावरून वीस टक्क्यांवर आलं की तीन-चार टक्के ॲव्हरेज जाणारच. सतराचं सोळा-साडेसोळा झालं असेल तर गाडीला दोष देऊ नका. सतराचं अकरा झालं असेल तर पुढे वाचा.

मोजणी नीट करा. एकाच पंपावर टाकी फुल करा, दोन-अडीचशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर परत फुल करा. बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण एवढंच अंतर होतं, ते मोजायला बरं पडतं. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातलं ॲव्हरेज धरू नका. आणि नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. 'राऊंड फिगर' करायला दिलं तर काय होतं ते पुढे येईलच.

रिचची खरी लक्षणं अशी: सायलेन्सरमधून काळा धूर, सायलेन्सरच्या तोंडाला कोरडी काजळी, पेट्रोलचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास, स्लोवर (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) थरथर, गरम गाडी बंद करून पुन्हा चालू करताना त्रास. धुराचा रंग बघायला विसरू नका. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर डिसेंबरच्या सकाळी दोन-चार मिनिटं येऊन गेला तर ती वाफ आहे, पण गरम गाडीतूनही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर प्रकरण वेगळं आहे. इथला मेस्त्री कन्नड बोलणारा असेल तर 'कप्पु होगे' म्हणजे काळा धूर, एवढं लक्षात ठेवा. तेवढ्यावरच त्याला निम्मं कळतं.

दोन धोके इथेच सांगतो. रिच चालणाऱ्या गाडीतून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो आणि त्याला वास नसतो. शेडमध्ये, बंद दारात इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नका. दुसरा धोका उसाच्या पट्ट्यातला. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो. अशी गाडी शेताच्या बांधावर वाळल्या पाचटावर उभी केली तर खालून पेट घेऊ शकते.

२. जवळ काय पाहिजे

सामान फार नाही:

- ब्लूटूथवरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीएममधले आकडे वाचणारं यंत्र. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाइलवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' ॲपबरोबर चालतो. गाडीत सोळा पिनांचा सॉकेट स्टेअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला असतो. २०१३ नंतरच्या गाड्यांत तो नक्की चालतो. त्याआधीच्या काही गाड्या याच्याशी बोलत नाहीत.
- प्लग पाना. बहुतेक छोट्या गाड्यांना १६ मिलिमीटरचा लागतो, काही नव्यांना १४ चा.
- साधा मल्टिमीटर, टॉर्च, वही.
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.

कागदांत आरसी जवळ ठेवा, कारण सेन्सर मागवताना चासी नंबर आणि उत्पादनाचं साल लागतंच. मॉडेलचं नाव तेच असलं तरी मधल्या वर्षात सेन्सर बदललेला असतो. जुनी बिलं काढून ठेवा, म्हणजे कुणी काय बदललं आणि काय काढून टाकलं ते कळेल. आणि एमिशन टेस्टच्या जुन्या पावत्या फेकू नका. पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) यांचे आकडे असतात. बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषाच्या आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला स्लोवर सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. मागच्या वर्षी सीओ ०.०५ होता आणि आता ०.२८ आला, तर 'पास' शिक्का असूनसुद्धा गाडी बिघडत चाललीय. कन्व्हर्टर चांगला असेपर्यंत तो बराच दोष झाकून टाकतो, म्हणून नुसत्या 'पास'वर विसंबू नका.

३. प्लग काढून बघा

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि पूर्ण गार होऊ द्या. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात आणि तो खर्च मोठा असतो. प्लगभोवती मुरूम-माती साचलेली असते, ती आधी हवा मारून उडवा, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये पडते. खानापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना ही लाल धूळ काय चीज आहे ते सांगायला नको.

प्लग क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. तव्याखालच्या काजळीसारखं कोरडं, मखमली काळं असेल आणि बोट लावल्यावर बोटाला येत असेल तर ते पेट्रोल. चकचकीत, ओलं, चिकट काळं असेल तर ते ऑइल, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही.

आता बघा, सगळे प्लग सारखे काळे आहेत की एकच. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय किंवा तिथे ठिणगी कमजोर आहे. शेजारच्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) त्याच्यावर लावून आणि दोघांचे प्लग आपापसात बदलून आठवडाभर चालवा. काळेपणा कॉइल-प्लगबरोबर शेजारी गेला तर ठिणगीचा दोष, तिथेच राहिला तर इंजेक्टर. सगळेच सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या गोष्टीत आहे: सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. 'फिल्टर चोक झाला म्हणून रिच झाली' हे कार्बोरेटरच्या गाडीला लागू होतं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की सेन्सरला ते कळतं आणि पेट्रोलही कमी सोडलं जातं. गाडी मरगळते, पण सहसा रिच होत नाही. ऊस ओढायच्या दिवसांत फिल्टर लवकर भरतो, तो जरूर बदला. फक्त त्याने काळा धूर थांबेल अशी आशा ठेवू नका. तुमच्याकडे अजून कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर मात्र फिल्टर आणि चोक याच दोन गोष्टी आधी बघायच्या. चोकची केबल अडकून चोक अर्धा ओढलेला राहिला, की नेमकी हीच लक्षणं दिसतात.

४. सकाळी गार गाडीला स्कॅनर लावा

ही पायरी कुणी करत नाही आणि माझा सगळा घोळ इथेच सुटला असता.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फक्त 'ऑन' करा, स्टार्ट करू नका. ॲपमध्ये तीन आकडे बघा.

पहिला कूलंटचं तापमान आणि दुसरा आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर थांबलेल्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असायला पाहिजेत. बाहेर २२ अंश, हवा २३ आणि कूलंट ४ दाखवत असेल तर कूलंटचा सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. उणे ४० दिसलं तर वायर तुटलेली किंवा कपलर निघालेला आहे.

तिसरा मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातला दाब. तो मोजतो मॅप सेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या याच्यावरच हवा मोजतात. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे तो ९२-९३ किलोपास्कल दिसायला पाहिजे. इंटरनेटवर सगळीकडे १०१ लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. चोर्ला उतरून पणजीला गेलात तर तिथे १०१ च्या आसपास दिसेल. बेळगावात उभ्या गाडीत १०१ दिसत असेल तर सेन्सर हवा जास्त समजतोय आणि त्या हिशेबाने ईसीएम पेट्रोलही जास्त सोडतोय.

आता गाडी स्टार्ट करा. गरम होऊन स्लोला स्थिर झाल्यावर हाच आकडा साधारण ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवा. ५०-५५ वर राहत असेल तर मॅपला जाणारी रबरी नळी तडकलीय का, कुठून हवा खेचतेय का, ते बघा.

ॲपमधला फॉल्ट कोडही वाचून वहीत लिहा. पी आणि पुढे ०१७२ असेल तर ईसीएम स्वतःच 'रिच' म्हणतोय. ०१७१ म्हणजे त्याला उलट 'पेट्रोल कमी' वाटतंय. ०११७ आणि ०११८ कूलंट सेन्सरच्या सर्किटचे. ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही. कोड नसला म्हणजे दोष नाही असं समजू नका. माझ्या गाडीत एकही कोड नव्हता.

आणि एक विनंती: बॅटरीचं टर्मिनल काढायला देऊ नका. 'दहा मिनिटं टर्मिनल काढून ठेवू या' हा गॅरेजमधला पहिला सल्ला असतो. त्यानं कोड जातो, ट्रिम शून्य होते, म्हणजे सगळा पुरावाच पुसला जातो. दोन दिवस गाडी बरी वाटते आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

५. गरम इंजिनवर ट्रिम वाचा

वीस मिनिटं गाडी चालवा. ॲपमध्ये 'शॉर्ट टर्म' आणि 'लाँग टर्म' अशा दोन ट्रिम दिसतात. दोन्हींची बेरीज करा. बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल आणि प्लग काळे नसतील तर ठीक. मायनस दहाच्या खाली गेली तर ईसीएम पेट्रोल कापतोय. प्लस दहाच्या वर गेली तर तो पेट्रोल वाढवतोय.

एकदा स्लोला वाचा, एकदा रेस अडीच हजारावर धरून वाचा. दोन्ही आकडे लिहा. मग पुढच्या तीनपैकी आपली वाट कोणती ते कळेल.

६. ट्रिम मायनसमध्ये असेल तर

ईसीएमला दोष दिसतोय आणि तो सावरायला बघतोय. म्हणजे कुठूनतरी त्याच्या हिशेबाबाहेरचं पेट्रोल आत येतंय.

स्लोला मायनस वीस आणि रेस दिल्यावर मायनस चार, असं असेल तर गळती लहान पण सततची आहे. स्लोला इंजिन पितंच थोडं, त्यामुळे ती मोठी दिसते. याची तीन कारणं बघा.

पर्ज व्हॉल्व्ह: टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि या व्हॉल्व्हमधून इंजिनात जाते. तो उघडा अडकला तर वाफ सतत येत राहते. इंजिन स्लोला असताना डब्याकडून इनटेककडे जाणारी रबरी नळी चिमटून धरा आणि मोबाइलकडे बघा. ट्रिम शून्याकडे सरकली तर चोर सापडला. पेट्रोल भरल्यावर लगेच त्रास वाढत असेल तर संशय पक्का. 'राऊंड फिगर'साठी काठोकाठ भरलं की पातळ पेट्रोलच त्या डब्यात उतरतं आणि डबा भिजतो.

ऑइलमधलं पेट्रोल: डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी वाढलेली दिसत असेल, तर ती वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात येतेय. घर ते उद्यमबाग तीन किलोमीटर आणि परत, एवढंच रोजचं चालणं असेल तर हे फार होतं, कारण ऑइल तापून पेट्रोल उडतच नाही. ऑइल आणि फिल्टर बदलला की ट्रिम खूप सुधारते. ऑइल पातळ झालेल्या गाडीत बेअरिंगची झीज होते, म्हणून हे लांबणीवर टाकू नका.

गळका इंजेक्टर: गरम गाडी बंद करा, अर्धा तास थांबा, स्टार्ट करा. सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, मग गाडी खाकरत चालू होते आणि मागून काळा धूर येऊन जातो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर मात्र लवकर उठते, कारण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या त्या स्थितीत पेट्रोल बंद ठेवतात. हे जुळलं तर गाडी बंद असताना आत पेट्रोल ठिबकतंय असं धरा.

ट्रिम स्लोला मायनस आणि रेस वाढवल्यावर आणखी मायनस होत असेल तर पेट्रोलचं प्रेशर बघायचं. हे घरी करू नका, पेट्रोलची लाइन प्रेशरखाली असते. गॅरेजमध्ये गेज लावून घ्या. बहुतेक गाड्यांत तीन ते चार बारच्या दरम्यान असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा विचारा. जुन्या गाडीत रेग्युलेटरला व्हॅक्युमची बारीक नळी असते. ती काढून वास घ्या. आत ओलं पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

सीएनजी किट असेल तर आणखी एक गोष्ट. गॅसचं सेटिंग चुकलेलं असलं की ईसीएम गॅसवर शिकलेली ट्रिम पेट्रोलवरही वापरतो. आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवून मग आकडे घ्या.

७. ट्रिम शून्यावरच बसली असेल तर

माझी गाडी इथली. प्लग कोळशासारखे आणि ट्रिम मात्र शून्य, हलेचना. मला वाटलं सगळं ठीक आहे.

ॲपमध्ये 'फ्युएल सिस्टिम स्टेटस' नावाची एक ओळ असते. तिथे 'ओपन लूप' लिहिलं होतं. म्हणजे ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नव्हता. गार इंजिन असताना तो असंच वागतो: जास्त पेट्रोल सोडतो आणि सेन्सरकडे बघत नाही. वीस मिनिटं चालवल्यावरही ओपन लूप का, म्हणून तापमान बघितलं तर ३८ अंश. रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला, तर चटका बसून हात मागे आला. नळी एवढी तापलेली आणि ईसीएमला वाटतंय इंजिन गार आहे.

कपलर काढला. रबरी सील सुकून उकललेलं, आत पितळेच्या पिनांवर हिरवा थर. कूलंटचा सेन्सर गार असताना जास्त रोध दाखवतो आणि तापल्यावर कमी. बहुतेक छोट्या गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. पिनांवरच्या थराने मधेच रोध वाढवला, म्हणून गरम इंजिन गार दिसलं. सेन्सर चांगलाच होता, मल्टिमीटरवर गार आणि गरम दोन्ही वेळा बरोबर आला. पिना साफ केल्या, चार दिवसांनी परत तेच, म्हणून वायरसकट कपलर बदलून घेतला.

यातली खरी धोक्याची गोष्ट मला नंतर उमगली. माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरवर चालतो. इंजिन गार आहे असं समजून ईसीएम पंखा लावतच नव्हता. एखाद्या मोठ्या चढाला किंवा उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलो असतो तर हेड गास्केट गेलं असतं. म्हणून कूलंटचं तापमान खोटं दिसलं तर गाडी तशीच पुढे दामटू नका.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की बॉनेटखालचे कपलर एकदा उघडून बघावेत. उंदीरही याच दिवसांत आत शिरतात.

तापमान खरंच कमी राहत असेल, म्हणजे नळीही कोमट लागत असेल, तर थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल. इथे बऱ्याच गाड्यांतला थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. 'आपल्याकडं गरमी, वॉल कशाला पाहिजे ओ' असं सांगून कधीतरी कुणी तो काढलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. ओळखायची खूण: गावात सिग्नलला तापमान ८० वर जातं आणि हायवेला वारा लागला की ६५ वर उतरतं. थर्मोस्टॅट चांगला असेल तर एकदा तापल्यावर असं उतरत नाही.

८. ट्रिम प्लसमध्ये, पण प्लग काळे

यात भलेभले फसतात. ईसीएम म्हणतो पेट्रोल कमी आहे, म्हणून वाढवतो. प्लग म्हणतात पेट्रोल जास्त आहे. अशा वेळी प्लगवर विश्वास ठेवा.

निपाणीच्या माझ्या मेहुण्याच्या गाडीत ट्रिम प्लस १८ होती आणि धूर काळा. त्याला पेट्रोल पंप बदलायला सांगितलं होतं. मी गेलो, सकाळी गार गाडी स्टार्ट करायला लावली आणि बॉनेटवर वाकून ऐकलं. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज, आणि गाडी तापल्यावर तो नाहीसा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपाच्या) जोडावर राखाडी-काळा पट्टा उमटला होता. गास्केट फुटलं होतं. तिथून धूर बाहेर येतोच, पण दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवाही आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, तो 'पेट्रोल कमी' म्हणून कळवतो आणि ईसीएम बिचारा वाढवत बसतो.

मिसिंग मारणारी गाडीही हेच करते. सिलिंडर पेटला नाही की त्यातला न वापरलेला ऑक्सिजन तसाच सेन्सरपुढून जातो. म्हणून मिसिंग असेल तर आधी ठिणगी नीट करा, मगच ट्रिम वाचा.

९. ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

'सेन्सर रिच दाखवतोय' म्हणजे सेन्सर खराब, हा माझ्या साडेसात हजारांतला सगळ्यात मोठा हिस्सा. तो रिच दाखवत होता, कारण गाडी रिच होती.

साध्या सेन्सरचा आकडा गरम, चालू इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा खालीवर होत राहतो. ०.८ वर चिकटून बसला तर एक चाचणी करा. काकतीच्या पुढे वंटमुरी घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. त्या वेळी ईसीएम पेट्रोल पूर्ण बंद करतो, सायलेन्सरमधून नुसती हवा जाते आणि सेन्सर ०.१ च्या खाली यायला पाहिजे. आला तर सेन्सर जिवंत आहे, त्याला हात लावू नका. तिथेही ०.८ वरच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. त्या उतारावर चालवणाऱ्यानं रस्त्यावरची नजर काढायची नाही.

१०. गॅरेजमध्ये काय सांगायचं

'ॲव्हरेज देत नाही, बघा जरा' असं सांगितलं की प्लग, फिल्टर, क्लीनिंगची यादी सुरू होते. त्याऐवजी वही पुढे करा: "सगळे प्लग सारखे काळे आहेत. गरम इंजिनला स्लोवर ट्रिम मायनस २२, अडीच हजारावर मायनस ५. पर्जची नळी दाबली की मायनस ६ वर येते." चांगला मेस्त्री हे ऐकून खूश होतो आणि सरळ कामाला लागतो. ऐकूनही जो 'ते सगळं राहू दे, आधी सेन्सर बदलू' म्हणतो, तिथे गाडी सोडू नका. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागून घ्या. निदान चुकलं तर किमान तो तरी परत बसवता येतो.

११. दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर ॲपमधून कोड पुसा. आता ट्रिम शून्य झालेली चालते. ऑइल आणि फिल्टर बदला, कारण इतके दिवस पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत होतं. प्लगवरची काजळी नुसती असेल तर साफ करून चालतात. पांढऱ्या चिनी मातीवर काळ्या रेघा पडल्या असतील तर नवे घ्या.

मग शंभरेक किलोमीटर थोडं गावात, थोडं हायवेला चालवा आणि पाचव्या पायरीचे आकडे पुन्हा लिहा. कपलर बदलल्यावर माझ्या गाडीत सकाळी हवा २१, कूलंट २१ दिसलं. वीस मिनिटांनी कूलंट ८८, ट्रिमची बेरीज मायनस ३, आणि गेटला थांबलो असताना पंख्याचा आवाज आला. त्याच आठवड्यात एमिशन टेस्ट करून घेतली. आधीच्या पावतीवर सीओ ०.२७ होता, नवीवर ०.०४ आला. दोन्ही पावत्या आरसीबरोबर एकाच पाकिटात ठेवल्यात.